हिरू, तुझ्या कांदळाची आमटी

हिरू, आधी कबुली देते, रडायचं ते मागाहून बघू. तुझ्या झाडाची पोरं मी चिंचगूळ घालून, आमटी करून खाल्ली होती.

तुला ते ठाऊक आहेच. भोईवाड्याच्या बाजारात मासळीची पाटी पुढ्यात घेऊन तू ती गोष्ट इतक्यांदा सांगितलीस की माझ्या लेकाच्या साखरपुड्यात व्याह्यांनी मला विचारलं, "त्या शेवग्याच्या बाई म्हणतात त्या तुम्हीच का?" पण मी स्वतःच्या तोंडाने कधी कबूल झाले नाही. "नुसती चाखली होती," एवढंच चाळीस वर्षं धरून बसले. चाखली नव्हती गं. दोन वाट्या खाल्ल्या. आता तू नाहीस, तर खोटं बोलून चिडवू कुणाला?

ती सव्वीस वर्षांची सुमन आज रस्त्यात भेटली, तर तिच्या डोक्यात टपली मारीन. सातवी पास काय झाली होती, जगातलं सगळं आपल्याला कळतं असा तिचा समज. संपाला आठ महिने होत आले होते. आमच्या ह्यांचं गिरणीतलं मागांचं साचेखातं बंद, गिरणीचा भोंगा बंद, चाळीतल्या चुलीही अर्ध्या बंद. पुरुष सभेला नाहीतर नाक्यावर, आणि आम्ही बायका सरपण शोधत परळहून शिवडीच्या खाडीपर्यंत पाय तुडवायचो. तिवराच्या वाळक्या फांद्या गोळा करायच्या, मोळी बांधायची, परत. वाळक्या म्हणते खरी, पण ओल्याही तोडल्या. तीही कबुली आजच घे.

त्या दिवशी तिवरांच्या गर्दीत मला तीन-चार वेगळीच झाडं दिसली. चिखलात पाय भरू नयेत म्हणून लुगडं वर धरून उभ्या राहिलेल्या बायांसारखी, उंच उंच मुळांवर उभी. आणि अंगावर लटकलेल्या हिरव्यागार लांब शेंगा! मला वाटलं, शेवगा! शेजारीण म्हणाली, "खाऱ्या पाण्यात शेवगा कसा गो येईल?" मालवणात जन्मलेली मी, मला शेवगा शिकवते? "मुंबईत सगळं येतं," म्हटलं, आणि टोपलीभर ओरबाडल्या.

संध्याकाळी ह्यांनी पहिली शेंग दातांत धरली. ओढली. पुन्हा ओढली.

"गो, ह्यो शेंगो खंयच्यो? दात धरून ठेवतत."

"जरा जून आहेत. खावा गप."

पोरांनी थुंकून टाकल्या. जीभ अशी आवळली की कच्च्या सुपारीनेसुद्धा आवळणार नाही. पण हार मानेल ती सुमन कसली! ह्यांच्याकडे बघत बघत मी दोन वाट्या संपवल्या, पोट धरून झोपले, आणि दुसऱ्या दिवशी आणखी शेंगा शोधायला परत खाडीवर गेले. ह्या परत जाण्याचं कारण मला अजून कुणाला समजावून सांगता आलेलं नाही.

तिथे तू होतीस. काष्टा मारून, गुडघाभर चिखलात, रिकाम्या फांद्यांकडे बघत.

"गो बाय, हितल्या शेंगा कोनी नेल्या, बघितलंस काय?"

"मी नेल्या. शेवग्याच्या ना? आमटी केली. जून होत्या तुमच्या."

तू हसलीस. अशी हसलीस की चिखलावर ऊन खात बसलेले निवटे मासे टणाटण बिळात गेले. मग हसता हसताच तुझा चेहरा उतरला. तू शेंड्याकडची एक फांदी वाकवलीस. तिच्यावर माझ्या हातून सुटलेली एकच शेंग उरली होती.

"शेंग नाय ही. झाराचं पोर हाय. बाकीची झारं बी टाकतात नि मोकली होतात. ही कांदळ आय हाय. बी अंगावरच रुजवते, पोराला पाय फुटला काय मगच सोरते."

तू त्या शेंगेला बोट लावलंस. नुसतं लावलंस. ती सुटली, टोकावर सरळ खाली आली आणि सप्पकन चिखलात उभी राहिली. हिरू, ती उभी राहिली! माझी दोन पोरं उभी राहायला वर्ष वर्ष लागलं होतं. हे जन्मल्या क्षणी उभं. मी तोंडाचा आ करून बघत राहिले. देवळात गेले तरी माझ्या मनात बाजाराची यादी असते. त्या दिवशी मनात काहीच उरलं नाही. पहिल्यांदा हात जोडावेसे वाटले, आणि जोडावे तर काखेत टोपली.

मग तू मला वस्तीच्या तोंडाशी नेलंस. तुमची पंधरा-वीस घरं, आणि त्यांच्यापुढे खाडीकडे उघडा पडलेला चिखल. तिथे पूर्वी झाडांची रांग होती, ती सरपणात गेली. कुणाच्या, ते तू बोलली नाहीस. माझ्या डोक्यावरच्या चुंबळीकडे बघितलंस फक्त. उधाणाचं पाणी आता सरळ तुझ्या चुलीपर्यंत यायचं. तुझी वनिता तेव्हा अंगावर पिणारी. भरतीच्या वेळी तिची झोळी आढ्याला उंच बांधायचीस. कांदळाची झाडं उरली होती चार, पोरं धरायची वर्षातून एकदा. ती पिकायची तू वाट बघत होतीस, रांग पुन्हा लावायला. आणि मी त्यांत चिंचगूळ घातला.

मला वाटलं, आता शिव्या पडणार. मी मान खाली घातली. तू म्हणालीस, "पुढल्या भादव्यात यायचं. खाल्लीस तितकी लावायचीस." 

तितकी म्हणजे किती, हे तू कधी सांगितलं नाहीस. म्हणून दर वर्षी येत राहिले.

पहिल्या वर्षी मी भात लावतात तशी मूठ मूठ खोचली. तू मागून येऊन एक एक उपटलीस. "ही काय पंगत बसवलीस? एकेकाला पाय पसरायला जागा दे." चिखलात चालायलाही तूच शिकवलंस. टाच टेकवायची नाही, पाय उचलायचा नाही, सरकवायचा. मी कमरेपर्यंत रुतले, तेव्हा तू आणि तुझ्या सासूने मला काखेत धरून मुळ्यासारखी उपटून काढली. एक चप्पल अजून तिथेच आहे. आणि तू त्याच चिखलावरून अशी जायचीस, जशी मी सारवलेल्या ओट्यावरून जाईन.

भरतीची वेळ तू बोटांवर काढायचीस. "आज तिथी कंची? तिची पाऊणपट कर." शाळेत छड्या खाऊन मी पाऊणकी पाठ केली होती, बे पाऊण दीड, चार पाऊण तीन, आणि ती कशाला पाठ करायची हे गुरुजींनाही माहीत नसावं. तुझ्या चिखलात उभी राहिले तेव्हा समजलं. द्वितीयेला भरती दीड वाजता. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी, आणि पाण्याला जोरही नाही, भांगेचे दिवस, पोरं लावायची ती त्याच दिवसांत, म्हणजे रुजायला आठवडाभर उसंत मिळते. आकाशातला चंद्र, माझ्या शाळेतला पाढा आणि तुझ्या दारातलं पाणी एका दोरीला बांधलेलं आहे, हे कळलं तेव्हा मी घरी येऊन ह्यांना तास-दीड तास सांगत बसले. हे म्हणाले, "मग संप कधी मिटतलो, ताही पाऊणपट करून सांग."

संप मिटला असं कुणी म्हणालंच नाही, तो नुसता विरत गेला. पण रांग धरली. पहिल्या वर्षीची सात जगली. सगळ्यांत पुढच्या झाडाला तू "शेवगा" नाव ठेवलंस, मला डिवचायला. दहा-बारा वर्षांत ती मुळं एकमेकांत अशी गुंतली की मांजरसुद्धा आत शिरताना विचार करील. वनिताची झोळी कधीच आढ्यावरून उतरली होती. हिवाळ्यात लांबून लोक दुर्बिणी घेऊन गुलाबी पक्षी बघायला यायचे, आणि तू म्हणायचीस, "वर बघतात सगली. खाली कोन बघत नाय."

आता त्या पेढ्यांकडे यायला हवं. टाळत होते.

गिरण्या पाडायला घेतल्या आणि त्यांचा राडारोडा ट्रकने खाडीत येऊन पडू लागला. तुमच्या रांगेच्या उत्तर टोकावर ढीगच्या ढीग. तशात आमच्या चाळीत कुणीतरी कागद घेऊन आलं. भराव पक्का झाला की तिथे गिरणीवाल्यांना खोल्या मिळतील, फक्त ही जागा पडीक आहे, झाडंबिडं काही नाहीत, एवढं लिहून द्यायचं. हिरू, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं. लेकाचं लग्न ठरत नव्हतं, कारण सुनेने झोपायचं कुठे. मी सही केली. आणि माझी अक्कल बघ, ती आनंदाची बातमी द्यायला मी पेढे घेऊन तुझ्याच दारात आले.

तू पेढा हातात घेतलास. सगळं ऐकून घेतलंस. मग पेढा परत पुड्यात ठेवलास.

"पडीक? सुमे, मग मी कुठं राहतंय?"

"मला घर नको का गं?"

"पायजे. तुला घर पायजे नि मना पन. पानी जाईल कंदी?"

मी तणतणत निघून आले. तीन वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही. तीन भादवे चुकवले. मला आजही वाटतं, घर मागणं हा काही गुन्हा नव्हता. पण ते मागताना तुझ्या घरावर काट मारली, हे मला पेढ्यांच्या वासात दिसलं नाही. खोल्या काही मिळाल्या नाहीत. कागदवाला पुन्हा फिरकला नाही, ट्रक मात्र येत राहिले.

मग तो पावसाचा दिवस. शिवडीला पुतणीकडे गेले होते, परतताना रस्त्यात गुडघ्यापर्यंत पाणी, गाड्या बंद. पाय आपोआप तुझ्या वस्तीकडे वळले. तू दार उघडलंस. मला वाटलं होतं, निदान एक टोमणा तरी मारशील.

"आत ये, पाय पूस. तिथी कंची?"

"वद्य द्वितीया."

"बे पाऊण?"

"दीड."

"मग दीडपर्यंत बस."

तीन वर्षांच्या अबोल्याचा निकाल तू एवढ्यात लावलास.

आपण दोघी उंबऱ्यात उभ्या राहिलो. समुद्र खाडीत चढत होता, वरून आभाळ कोसळत होतं. त्या दिवशी मी जे बघितलं, ते मला नीट सांगता येणार नाही, आणि तुला सांगायची गरज नाही. पण लिहिते. लाट येत होती ती वाघिणीसारखी, आणि सरळ आपल्या झाडांच्या मुळांत शिरत होती. आत गुरगुर, झटापट, फांद्यांची थरथर. आणि अलीकडून बाहेर पडत होती ती मांजर होऊन, उंबरा चाटत. शेवगा गळ्यापर्यंत बुडाला होता, नुसता शेंडा वर, पण जागचा हलला नाही. वीतभर असताना मी खोचलेली ती पोरं वीस घरांना पाठीशी घालून समुद्रापुढे उभी होती. आणि उत्तरेकडे, जिथे झाडं राडारोड्याखाली मेली होती, तिथून पाणी सरळ आत घुसलं. त्या गल्लीतली भांडी तरंगत आपल्या दारावरून गेली. तिथल्या बाया पोरांना खांद्यावर घेऊन तुझ्या घरात आल्या. माझ्या सहीची गल्ली ती.

एक पिवळं पान तरंगत उंबऱ्यापाशी आलं. थांबलं. जागच्या जागी एक गिरकी घेतली, आणि परतीला लागलं. मी घड्याळ बघितलं. एक चाळीस.

"दहा मिंटं उशीर," मी म्हटलं.

"पावसानं बोलत ठेवला असंल," तू म्हणालीस आणि चहाचं आधण ठेवायला गेलीस.

पुढच्या आठवड्यात मी कचेरीत गेले, सही मागे घ्यायला. तिथला माणूस म्हणाला, "बाई, केलेली सही मागे घेता येत नाही." म्हटलं, मग दुसरी करते. अर्ज लिहिला: मी पूर्वी खोटं लिहून दिलं होतं, त्या जागी झाडं होती, त्यांतली काही मी खाल्ली आहेत. तो म्हणाला, "हे शेवटचं वाक्य काढा." म्हटलं, "काढणार नाही. तोच तर पुरावा आहे." तू ते ऐकून पाटीवर डोकं ठेवून हसलीस, आणि गिऱ्हाईक ताटकळत राहिलं.

अर्जांवर अर्ज झाले, वस्तीतल्या आणि चाळीतल्या बायांनी मिळून केले, तेव्हा ट्रक थांबले. पडलेला ढीग मात्र कुणी उचलेना. मग ओहोटी साधून आपणच ओळ लावली. एक कोळीण, एक चाळकरीण, एक कोळीण, एक चाळकरीण, विटा हातोहात मागे. हेही आले होते. एका गिलाव्याच्या तुकड्यावर रंगात "साचे" एवढी अक्षरं उरली होती. ह्यांनी तो धोतराने पुसला, बराच वेळ धरून बसले. "गिरण मेली ती मेली, आणि पडली खंय, तर ह्यांच्या छातयेर," म्हणाले, आणि तुझ्याकडे न बघता पुढची वीट उचलली.

वरवरचं निघालं. खोल रुतलेलं तसंच राहिलं. म्हणून रांगेत ते आठ-दहा पावलांचं खिंडार पडलेलंच आहे. दर भादव्यात तिथे लावायचो, दर होळीपर्यंत वाळून जायची. तुझं शेवटचं सगळं आयुष्य त्या आठ-दहा पावलांत गेलं.

कारण पाणी थांबणार नव्हतं. धक्क्याच्या पायऱ्या तू मला दाखवायचीस. मी आले तेव्हा उधाण सगळ्यांत खालच्या पायरीला लागायचं. मग दुसरी. आता तिसरी ओली होते. "येल चुकत नाय त्याची," तू म्हणायचीस. "पाऊणपट अजून बरोबर हाय. पन चढायला लागलाय." तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात तू पाण्याला लावायचीस आणि पदराला पुसायचीस. तुझे दीर होड्या घेऊन पूर्वीपेक्षा दुप्पट लांब जाऊ लागले. हाताला लागायचे ते खेकडे कमी. मी म्हणायचे, "तुझा हात गार आहे म्हणून तुला पाणी गरम लागतं." तू म्हणायचीस, "तुझं डोकं गरम हाय म्हनून तुला कायच लागत नाय."

आणि आपलं ते भिंतीचं भांडण. तू अर्ध्यावर टाकून गेलीस, हे बरं केलं नाहीस. खिंडाराच्या जागी काँक्रीटची भिंत बांधायची बोलणी निघाली, तेव्हा मी भिंतीच्या बाजूने होते. गिरणीवाल्याची बायको मी, भिंतीवर माझा विश्वास. तू खाटेवर पडल्या पडल्या म्हणालीस, "भिंत हाय तितकीच ऱ्हाते. झार वाढतंय, पायांत चिखल धरून खालची जमीन पन वाढवतंय. उद्या पानी वाढलं, तर भिंत वाढंल काय?"

मी म्हटलं, "झाडाला वाढायला दहा वर्षं लागतात. पाणी पुढच्या पौर्णिमेला येतंय. तोवर वनिताने काय करायचं?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, उत्तर शोधतेस. तुला झोप लागली होती. हिरू, मला अजून वाटतं, माझा प्रश्न खोटा नव्हता. आणि तुझाही खोटा नव्हता, हे तुला त्याच वेळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भांडण जिंकत आलंय असं वाटलं की माझं तोंड मऊ होत नाही, हे तुला ठाऊक आहे. आणखीही काही सांगायचं राहिलं. त्या सहीबद्दल मी अर्जात माफी मागितली, कचेरीच्या साहेबाकडे. तुझ्याकडे मागितलीच नाही. आज मागते. कागदावरच मागते आहे, पण ह्या वेळी खाली सही खरी आहे.

काल तुझं बारावं झालं. सकाळी, पानं मांडायच्या आधीच, वनिता मला खिंडारापाशी घेऊन गेली. ओहोटी होती. माझा गुडघा कुरकुरत होता, तरी टाच न टेकवता गेले, सरकत. बघते तर गेल्या भादव्यात आपण लावलेल्यांतली दोन उभी. चार चार पानं. विटांच्या फटीतून पाय खाली घातलेला. हात लावून पाहिलं, हलेनात. होळी गेली, पावसाळा जात आला, आणि दोन उभी! तू खाटेवर होतीस, तुला कुणी सांगितलं होतं का? वनिता म्हणाली, सांगितलं होतं. आई नुसती "बरं" म्हणाली. तुझ्या "बरं"मध्ये काय काय असायचं ते मला माहीत आहे. मी तिथेच चिखलात बसकण मारली. अडुसष्ट वर्षांची बाई, नवं लुगडं, आणि समोर वीतभर झाड. सव्वीस वर्षांची होते तेव्हाही अशीच बघत राहिले होते. मधल्या काळात शहाणी झाले, असं म्हणवत नाही.

भिंतीची मोजणी करायला माणसं यायची आहेत. त्यांना ही दोन दाखवणार आहे मी. आणि तुझा प्रश्न विचारणार आहे, माझाही विचारणार आहे. भांडण बंद करायचा माझा विचार नाही. आता दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागणार, एवढंच.

उद्या अष्टमी. आठ पाऊण सहा. बाराला ओहोटी.

काल खिंडारापासून परत आलो, तर वनिताने आतून टोपली आणली. वर ओलं फडकं. तिने फडकं बाजूला केलं, आत ह्या वर्षीची सगळी पोरं, शेवग्याची आणि त्याच्या भावंडांची, लांबसडक, हिरवीगार. मी दोन्ही हात पुढे केले. वनिताने टोपली मागे घेतली. चेहरा अगदी सरळ, पण ओठाचा कोपरा थेट तुझा.

"थांब मावशी. आयनं सांगून ठेवलंय. म्हनाली, पोरां सुमनच्याच हातात द्या, पन टोपली द्यायच्या आधी तिला इचारा, जेवून आलीस काय?"